सॉफ्टवेअर प्रोजेक्ट आणि टीम सांभाळण्यावर पीएचडी करायचीय? सांगलीत नोकरी करत मी कशी केली, पायरीपायरीने

गेल्या वर्षभरात मला पाच-सहा जणांचे फोन आले, प्रश्न सगळ्यांचा एकच. ताई, आम्ही कंपनीत काम करतोय, प्रोजेक्ट का लटकतात ते रोज डोळ्यासमोर बघतोय, यावर रिसर्च करता येईल का, आणि तो कॉम्प्युटरमधून करायचा का मॅनेजमेंटमधून? प्रत्येकाला तासतासभर सांगते, तरी काहीतरी राहतंच, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

माझं थोडक्यात सांगते. विश्रामबागेत एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, आणि नोकरी सांभाळून पार्ट टाईम पीएचडी. २०१८ ला सुरुवात, २०२४ ला व्हायवा, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा. मधे २०१९ चा पूर, मग कोरोना, मग माझं बाळंतपण. यात दीड-दोन वर्षं मी अशा गोष्टींत घालवली ज्या कुणी आधी सांगितल्या असत्या तर वाचल्या असत्या. त्याच इथे सांगतेय.

१. आधी प्रश्न धरा, विषय नंतर

"सॉफ्टवेअर प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा अभ्यास, विशेष संदर्भ सांगली जिल्हा" असलं टायटल घेऊन कुणाकडे जाऊ नका. मी गेले होते. हे टायटल आहे, यात प्रश्न कुठेच नाही. प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर आज तुम्हाला माहीत नाही आणि जे शोधायला कॉम्प्युटरवाल्यांची आणि माणसांचा अभ्यास करणाऱ्यांची, दोघांचीही गरज पडते.

माझा प्रश्न कुठून आला ते सांगते, म्हणजे कळेल. आपल्याकडे साखर कारखान्यांची सॉफ्टवेअर करणाऱ्या छोट्या कंपन्या आहेत. त्यातल्या एका कंपनीत मी अभ्यासाला बसायचे. कारखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एकच शेतकरी तीन ठिकाणी तीन वेगळ्या नंबरानं होता. ऊसनोंदीत गावाच्या कोडसकट एक नंबर, वजनकाट्यावर दुसरा, आणि बिलात सभासद क्रमांक. बिगर सभासदाला तर बिलासाठी चौथाच नंबर बनवलेला. दर पंधरवड्याला बिलं काढताना दोघंजण रात्री बसून हे नंबर एक्सेलमध्ये एकमेकांशी जुळवायचे. तोडलेल्या उसाची एफआरपी (सरकारनं ठरवलेला किमान दर) १४ दिवसांत द्यायचा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, त्यामुळं उद्या करू म्हणायची सोय नाही.

मला पहिल्यांदा वाटलं डेटाबेस डिझाईन चुकलंय, प्रोग्रामर कच्चा आहे. मग कारखान्यात जाऊन बघितलं तर शेती विभाग एका इमारतीत, काटा गेटजवळ, अकाउंट वरच्या मजल्यावर, आणि तिघांचं एकमेकांशी बोलणं फक्त कागदावरून. कंपनीनं काय केलं, तीन विभागांकडे तीन पोरं पाठवली. प्रत्येकानं आपापल्या विभागाचं ऐकून आपापलं मॉड्यूल केलं. कारखान्यात जिथं जिथं भिंत होती तिथंच सॉफ्टवेअरमध्येही भिंत उभी राहिली.

हे मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच सांगून ठेवलंय, की संस्थेत माणसं एकमेकांशी जशी बोलतात तशीच त्या संस्थेनं बनवलेल्या सिस्टीमची रचना होते. मला ते नंतर वाचनात सापडलं. पण आधी तो रात्रीचा एक्सेल बघितला होता म्हणून ते वाक्य माझ्यासाठी नुसतं कोट करायचं वाक्य राहिलं नाही. माझा प्रश्न तिथं तयार झाला: ग्राहकाच्या संस्थेतल्या भिंती छोट्या कंपनीच्या कोडमध्ये कुठल्या वाटेनं येतात, आणि कोण त्या थांबवू शकतं?

तुम्हीही असंच करा. एक वही घ्या, महिनाभर ऑफिसात जे जे खटकतं ते तारखेसकट लिहा. महिन्यानं त्यातली जी गोष्ट निव्वळ टेक्निकल कारणानं समजत नाही आणि निव्वळ "मॅनेजर चुकला" म्हणूनही समजत नाही, ती धरा.

२. घर एकच निवडा

इथं सगळ्यात जास्त लोक अडकतात म्हणून जरा सविस्तर सांगते.

सांगली, सातारा, कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीत येतात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ प्रमाणे विद्याशाखा चार: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या, आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. चौथीचं नाव वाचून मला वाटलं, हीच आपली जागा! तसं नाहीये. त्या शाखेत शिक्षणशास्त्र, ग्रंथालयशास्त्र, पत्रकारिता असे ठरलेले विषय येतात. तुमचा विषय दोन शाखांत पाय ठेवून आहे म्हणून तो आपोआप तिकडं जात नाही.

मग काय करायचं? स्वतःला एक प्रश्न विचारा, थिसिस झाल्यावर तो तपासायला कोण बसलेलं चालेल? कोड, कमिट (कोडमध्ये केलेल्या बदलांच्या नोंदी), बग (कोडमधल्या चुका) यांचा डेटा मुख्य असेल तर कॉम्प्युटर. माणसं, निर्णय, टीम, संस्था मुख्य असेल तर मॅनेजमेंट. नोंदणी एका घरात करायची आणि दुसऱ्या घरातला माणूस को-गाईड म्हणून घ्यायचा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत दुसऱ्या विभागातला किंवा दुसऱ्या संस्थेतलासुद्धा को-गाईड घेता येतो, फक्त त्याला रीतसर मंजुरी लागते.

माझं पहिलं सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) परत आलं. कमिटीत एक सर म्हणाले यात अल्गोरिदम कुठाय, दुसरे म्हणाले हा तर कॉम्प्युटरचा विषय दिसतोय. मी दोघांनाही खूश करायच्या नादात निम्मं निम्मं लिहिलं होतं, तेच चुकलं. दुसऱ्या वेळी मॅनेजमेंटचं घर धरून लिहिलं, सॉफ्टवेअर हे अभ्यासाचं ठिकाण आहे असं पहिल्या पानावर स्पष्ट केलं, आणि वीस मिनिटांत मंजूर झालं. जाता जाता सांगते, कॉनवे यांचा तो लेख आधी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूनं परत केला होता, तुमचं म्हणणं सिद्ध झालेलं नाही म्हणून. मग तो डेटामेशन नावाच्या कॉम्प्युटरच्या मासिकात आला. सिनॉप्सिस परत आलं तर रडत बसू नका, ते चुकीच्या दारात तर गेलं नाही ना ते आधी बघा.

३. प्रवेश आणि गाईड

नियम थोडक्यात:

- पीजीला ५५ टक्के लागतात (राखीव प्रवर्ग, दिव्यांग वगैरेंना ५ टक्के सूट). चार वर्षांची डिग्री ७५ टक्क्यांनी झाली असेल तर पीजीशिवायही अर्ज करता येतो.
- प्रवेश एक तर विद्यापीठाची पेट परीक्षा देऊन नाहीतर नेटच्या स्कोअरवर. पेटमध्ये निम्मे प्रश्न रिसर्च मेथडॉलॉजीचे असतात. कॉम्प्युटरची पोरं इथंच मार खातात, कारण सॅम्पलिंग, हायपोथिसिस हे त्यांनी कधी वाचलेलंच नसतं. दोन महिने फक्त त्यालाच द्या.
- कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६, आणि वर २ वर्षांची मुदतवाढ मिळू शकते. महिलांना आणि ४० टक्क्यांपेक्षा जास्त दिव्यांग असणाऱ्यांना आणखी २ वर्षं.
- बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी पूर्ण पीएचडीत मिळून २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. मैत्रिणींनो, ही रजा अर्ज करूनच घ्या. माझ्याबरोबरच्या एकीनं कुणाला न सांगता सात महिने काम थांबवलं आणि नंतर प्रोग्रेस रिपोर्ट कोरे दिसले.

गाईड निवडताना बघायचं काय? एका प्रोफेसरकडं एका वेळी ८, असोसिएटकडं ६, असिस्टंटकडं ४ विद्यार्थी चालतात, तर जागा रिकामी आहे का ते आधी विचारा. निवृत्तीला ३ वर्षांपेक्षा कमी राहिलेल्यांना नवीन विद्यार्थी घेता येत नाही, हेही बघून घ्या. पण माझ्या मते खरी परीक्षा वेगळीच आहे. शोधगंगेवर (भारतातले थिसिस ठेवलेली वेबसाईट) जाऊन त्या सरांच्या किंवा मॅडमच्या हाताखाली झालेले दोन थिसिस उघडा आणि तिसरं-चौथं प्रकरण वाचा. प्रश्नावली आणि टक्केवारीचे तक्ते सोडून दुसरं काही नसेल, आणि तुम्हाला मुलाखती नाहीतर प्रत्यक्ष निरीक्षण करायचं असेल, तर पुढची पाच वर्षं ओढाताण होणार. भेटायला जाताना सिनॉप्सिस नेऊ नका, एका पानावर तुमचा प्रश्न आणि त्या वहीतली दोन उदाहरणं न्या.

४. कागदपत्रांची फाईल

हे एकाच ठिकाणी करून ठेवा, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स आणि मोबाईलमध्ये पीडीएफ:

- दहावीपासून पीजीपर्यंतच्या मार्कशीट, डिग्री सर्टिफिकेट
- दुसऱ्या विद्यापीठातून आला असाल तर मायग्रेशन (याला वेळ लागतो, आधीच अर्ज टाका)
- पेट किंवा नेटचा निकाल
- जात प्रमाणपत्र, जात वैधता, लागू असेल तर नॉन क्रिमीलेअर (त्याची मुदत बघा, हमखास संपलेली असते)
- नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी किंवा गॅझेट
- शिक्षणात खंड असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
- गाईडचं आणि को-गाईडचं संमतीपत्र
- नोकरी असेल तर कंपनीचं ना हरकत पत्र

शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबते. पार्ट टाईमसाठी हे पत्र लागतंच, आणि त्यात नुसतं "आमची हरकत नाही" एवढंच चालत नाही, अभ्यासाला वेळ देऊ आणि कोर्सवर्कसाठी गरज पडली तर मोकळं करू असं लिहिलेलं लागतं. छोट्या कंपनीचा मालक हे वाचून दचकतो. त्याच्याशी आधी चहा घेत बोला, मग कागद पुढं करा.

फेलोशिपचं म्हणाल तर सारथी, बार्टी, महाज्योती यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा, पण त्या पूर्णवेळ करणाऱ्यांसाठी असतात. नोकरी सोडायची का नाही हे ती जाहिरात नीट वाचूनच ठरवा.

५. वाचन: थोडं, पण मुळातलं

दोन्हीकडचं वाचायचं म्हटल्यावर माणूस घाबरतो. मी सुरुवातीला दोनशे पेपर डाउनलोड केले आणि दहाही धड वाचले नाहीत. आज कुणी विचारलं तर आधी या पाच-सहा गोष्टी मुळातून वाच असं सांगेन.

विन्स्टन रॉयस यांचा १९७० चा पेपर. सगळे त्यांना वॉटरफॉलचा (एक टप्पा संपला की दुसरा, अशी सॉफ्टवेअर करायची पद्धत) जनक म्हणतात. पेपर उघडून बघा, सरळ एका दिशेनं वाहणारी पद्धत धोक्याची आहे, चाचणी अगदी शेवटी येते, असं त्यांनी स्वतःच त्यात लिहिलंय. न वाचता संदर्भ दिला की व्हायवाला पहिला प्रश्न इथंच येतो.

ट्रिस्ट आणि बॅमफोर्थ, १९५१. इंग्लंडमधल्या कोळसा खाणींवरचा अभ्यास, कॉम्प्युटरचा काही संबंध नाही. आधी छोट्या टोळ्या कोळसा खणण्यापासून वाहून नेण्यापर्यंत सगळं काम मिळून करायच्या. मग यंत्रं आली, लांब रांगेत खणायची पद्धत आली, एकच काम तीन पाळ्यांत तोडलं गेलं, आणि एका पाळीचं राहिलेलं दुसरीच्या गळ्यात पडायला लागलं. यंत्र चांगलं असूनही काम बिघडलं. मला हे वाचताना आपल्याकडची ऊसतोड टोळी आठवली. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, तोडणं, मोळी बांधणं, गाडी भरणं सगळं त्यांचंच. तिथून पुढं "डेव्हलपर एकीकडं, टेस्टर दुसरीकडं" या रचनेकडं मी वेगळ्या नजरेनं बघायला लागले.

ताकेउची आणि नोनाका, १९८६. स्क्रम (छोट्या टीमनं छोट्या टप्प्यांत काम करायची पद्धत) हा शब्द आपण सॉफ्टवेअरचा समजतो, तो यांनी रग्बीवरून घेऊन जपानी कंपन्यांच्या वस्तू बनवणाऱ्या टीमसाठी वापरला होता. अजाईलचा, म्हणजे स्क्रमसारख्या पद्धतींमागच्या विचाराचा, जाहीरनामा १७ जणांनी लिहिला तो २००१ मध्ये. मॅनेजमेंटमधून सॉफ्टवेअरमध्ये कल्पना कशी आली हे दाखवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही.

एमी एडमंडसन, १९९९, टीममधल्या मानसिक सुरक्षिततेवर. त्याआधी त्यांनी दवाखान्यांतल्या टीम बघितल्या तेव्हा चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त निघाली, कारण तिथली माणसं चूक सांगायला भीत नव्हती. तुम्ही बगची संख्या मोजून टीम चांगली का वाईट ठरवणार असाल तर त्याआधी हे वाचाच.

आणि फ्रेड ब्रुक्स, १९७५: उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो. हिशोब साधा आहे. चार माणसांत बोलण्याच्या जोड्या ६, सहा माणसांत १५. मी हे डोळ्यानं बघितलं. गाळप हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होणार, तारीख हलत नाही, सप्टेंबरमध्ये दोन नवीन पोरं घेतली, आणि ज्या एका मुलीला सगळं कोडिंग माहीत होतं ती पूर्ण महिना त्यांना शिकवत बसली.

पेपर मिळवायला गुगल स्कॉलर आहेच. २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शनमध्ये सरकारी उच्च शिक्षण संस्थांना जवळपास १३,००० जर्नल खुली झालीत, तुमचं केंद्र त्यात येतं का ते ग्रंथपालांना विचारा. खरं तर ग्रंथपालांशी ओळख सुरुवातीलाच करा, ती फार उपयोगी पडते. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाका, ते फुकट आहे.

६. कंपनीची परवानगी, लेखी

माझं सगळ्यात मोठं नुकसान इथं झालं. एका कंपनीत मी आठ महिने जात होते, मालकांनी तोंडी सांगितलं होतं या की बिनधास्त. मग त्यांचं एका मोठ्या ग्राहकाशी वाजलं आणि एक दिवस निरोप आला, ताई आता नको, आणि आधीचंही काही वापरू नका. आठ महिन्यांच्या वह्या कपाटात गेल्या. त्यांची चूक होती असं मी म्हणत नाही, कागद मी करायला हवा होता.

कागदावर काय हवं:

- काय बघणार, कुणाशी बोलणार, किती महिने
- कंपनीचं, ग्राहकाचं नाव कुठंही येणार नाही
- कोड आणि ग्राहकाचा डेटा मी बाहेर नेणार नाही
- थिसिस जमा करायच्या आधी त्यांचा भाग त्यांना वाचायला देईन, वस्तुस्थितीची चूक असेल तर दुरुस्त करेन, पण निष्कर्ष माझे राहतील
- थांबवायचं असेल तर तोपर्यंतची माहिती नाव काढून वापरता येईल

शेवटचं वाक्य माझ्या त्या आठ महिन्यांतून आलंय.

कर्मचाऱ्यांची संमती वेगळी घ्या, मालकानं हो म्हटलं म्हणजे सगळ्यांनी म्हटलं असं नसतं. संमतीपत्र मराठीत ठेवा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्यामुळं रेकॉर्डिंग कुठं ठेवणार, कधी पुसणार हेही त्यातच लिहा. आणि एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगून कळत नाही: सांगलीत नाव बदलून भागत नाही. "कुपवाडची एक कंपनी, तिथली एकमेव महिला टेस्टर" असं लिहिलं की निम्म्या गावाला कळतं कोण ते. वय, गाव, पद यातलं एखादं झाकावंच लागतं.

कुणीच परवानगी देत नसेल तरी वाट बंद होत नाही. अपाची फाउंडेशन या खुली सॉफ्टवेअर बनवणाऱ्या संस्थेच्या प्रोजेक्टचे मेलिंग लिस्ट आणि बगच्या नोंदी सगळ्यांना खुल्या आहेत, गिटहबवर हजारो प्रोजेक्टचा इतिहास पडलाय. माणसं कशी भांडतात, निर्णय कसा होतो, नवीन माणूस कसा रुळतो, सगळं त्यात लेखी सापडतं. फक्त एकाच माणसाचे दोन-तीन ईमेल असतात आणि बरेच कमिट बॉटनं केलेले असतात, ते आधी साफ करा.

७. बसा, बघा, ऐका

पहिले दोन आठवडे मोजू नका. मी गेले तेव्हा सकाळची मीटिंग दहाच्या ठोक्याला सुरू व्हायची, सगळे उभे राहून नीट बोलायचे. मी खूश. तिसऱ्या आठवड्यापासून मीटिंग साडेदहाला आणि तीही चहाच्या टपरीवर. खरं काम टपरीवर ठरत होतं. आपल्याकडं कुणी बघतंय म्हटलं की माणूस वेगळं वागतो, अमेरिकेतल्या हॉथॉर्न कारखान्यातल्या १९२४ पासूनच्या प्रयोगांपासून याची चर्चा चालू आहे.

मुलाखत पाऊण तासाची ठेवा, आणि "तुमच्याकडं संवाद कसा आहे?" असलं विचारू नका, चांगला आहे मॅडम एवढंच उत्तर येतं. "शेवटचं रिलीज कधी झालं? आदल्या दिवशी काय काय झालं ते सांगा" असं विचारा. मग माणूस बोलायला लागतो.

आणि ते बोलतात ती भाषा जशीच्या तशी उतरवा. घाईत इंग्रजी भाषांतर करून टाकू नका. मी करत होते, एका टेस्टरनं थांबवलं. मॅनेजर विचारायचे किती दिवस लागतील, कुणी म्हणायचं "होऊन जाईल सर", कुणी म्हणायचं "बघतो सर". मी दोन्ही "हो" म्हणून लिहीत होते, मॅनेजरच्या शीटमध्येही दोन्ही "हो"च होते. ती टेस्टर म्हणाली, मॅडम, "होऊन जाईल" म्हणजे होणार आहे. "बघतो" म्हणजे जमणार नाही, पण सरांना नाही कसं म्हणायचं. मी जुन्या सगळ्या नोंदी काढून परत बघितल्या. जिथं जिथं तारीख चुकली होती तिथं बहुतेक वेळा आधी "बघतो" होतं. माझं चौथं प्रकरण या एका शब्दावर उभं आहे, आणि बाहेरच्या परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ त्याच प्रकरणावर घालवला.

तासाभराचं रेकॉर्डिंग टाईप करायला पाच-सहा तास धरा. मराठी-इंग्रजी मिसळून बोललेलं व्हॉइस टायपिंगला नीट झेपत नाही. पंधरा मुलाखती साठवून मग टाईप करायला बसू नका. एक झाली की टाईप करा, वाचा, पुढच्या मुलाखतीचे प्रश्न त्यावरून बदला.

वह्यांचे फोटो रोज रात्री काढा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आलं तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर गेलो, वह्या खालच्या कपाटात राहिल्या. शाई पसरून पानं एकमेकांना चिकटली. जेवढ्यांचे फोटो होते तेवढ्याच वाचल्या.

८. प्रश्नावली असेल तर

गुगल फॉर्म करून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, निदान तेवढ्यावर भिस्त ठेवू नका. मला एकदा एकाच टीमचे नऊ फॉर्म बारा मिनिटांत आले, सगळ्यांची उत्तरं "पूर्ण सहमत". चौकशी केली तर मॅनेजरनं सगळ्यांना शेजारी बसवून भरून घेतले होते. सगळे टाकून द्यावे लागले.

दुसरा सापळा संख्याशास्त्राचा आहे आणि तो बरेच जण शेवटपर्यंत ओळखत नाहीत. सहा टीममधली साठ माणसं म्हणजे साठ सुटी उत्तरं नव्हेत. एका टीममधली माणसं एकाच मॅनेजरखाली असतात, उत्तरं एकमेकांसारखी येतात. तुमचा प्रश्न टीमबद्दल असेल तर तुमच्याकडं खरं तर सहाच नमुने आहेत. त्यासाठी मिश्र परिणामांचं मॉडेल (टीमचा परिणाम वेगळा धरणारी पद्धत) वापरा, जास्प किंवा आर या सॉफ्टवेअरमध्ये होतं, दोन्ही फुकट. एसपीएसएसची चोरीची कॉपी घेऊ नका, थिसिसमध्ये सॉफ्टवेअरचं नाव लिहावं लागतं. मुलाखतींच्या कोडिंगला (उत्तरांवर विषयवार खुणा करायला) टॅगेट हे सॉफ्टवेअर पुरतं, तेही फुकट.

९. पेपर आणि थिसिस

"तीन दिवसांत स्वीकृती, फी भरा" असे मेल येतील, उत्तर देऊ नका. यूजीसीनं केअर यादी (मान्य जर्नलची यादी) २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळं जर्नल चांगलं का वाईट हे आता तुम्हाला आणि गाईडनाच ठरवायचंय. २०२२ च्या नियमांत पेपर छापण्याची सक्ती नाही, पण तुमच्या विद्यापीठाचा नियम वेगळा विचारून घ्या. या विषयाला घर देणारी ठिकाणं आहेत: एम्पिरिकल सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग, इन्फर्मेशन अँड सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, इंटरनॅशनल जर्नल ऑफ प्रोजेक्ट मॅनेजमेंट. माणसांच्या बाजूसाठी चेस नावाची परिषद आहे, आणि भारतात दरवर्षी आयसेक होते. पहिला पेपर आयसेकसारख्या ठिकाणी पाठवा, नाकारला तरी कारणं लिहून येतात आणि ती कामाची असतात.

थिसिसचं दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांपर्यंत चालतं, २०१८ च्या नियमाप्रमाणे. स्वतःच्या पेपरमधला मजकूर जसाच्या तसा टाकला तरी तो रिपोर्टमध्ये दिसू शकतो, म्हणून कुठं छापलंय ते नोंदवा आणि विद्यापीठ काय मागतं ते आधी विचारा. मुलाखतीतली वाक्यं मराठीत ठेवून खाली भाषांतर द्या. मला एकानं सांगितलं होतं की मराठी वाक्यं थिसिसमध्ये बरी दिसत नाहीत. मी ठेवली, कुणी काही म्हटलं नाही.

जमा करायच्या आधी कबूल केल्याप्रमाणे कंपनीला त्यांचा भाग वाचायला दिला, आणि सोबत चार पानांची मराठी टिपणी. मालकांनी ती वाचून दोन दिवसांनी फोन केला, मॅडम, ते "बघतो"चं पान टीमला वाचून दाखवलं तर चालेल का? मी म्हटलं नावं काढलेलीच आहेत, दाखवा. पुढच्या हंगामाच्या आधी त्यांनी शेती, काटा आणि अकाउंट या तिन्ही विभागांची माणसं एका टेबलाशी बसवली आणि शेतकऱ्याचा नंबर एकच ठरवला. त्या मीटिंगला मी गेले होते, साडेतीन तास चालली.

तुमची वही महिनाभर भरली की मला दाखवायला या, शनिवारी दुपारी मी मोकळी असते.